पाय, टार्ट, किशचा तळ कच्चाच राहतोय? नवा टिन घ्यायच्या आधी हे बघा

वरून मस्त सोनेरी, फोटो काढण्यासारखं, आणि सुरी घातली की खाली पांढरा, ओला, पिठूळ थर. घरी अ‍ॅपल पाय, किश (अंड्या-दुधाच्या सारणाचा खारा टार्ट) नाहीतर चिकन पाय करणाऱ्यांपैकी फार कमी लोक यातून सुटलेत. ओळखीतले लोक मला कापलेल्या तुकड्याचा फोटो पाठवतात आणि खाली ठरलेला प्रश्न असतो, "कुठला टिन घेऊ?" टिनने फरक पडतो, चांगलाच पडतो, पण मी इतक्या जणांचे तळ दुरुस्त केलेत की एक गोष्ट ठामपणे सांगतो, रेसिपी बदलू नका आणि लगेच ऑर्डरही टाकू नका, दहातल्या सात-आठ जणांची अडचण एवढीच असते की खालून उष्णता पारीपर्यंत पोचतच नाहीये. ती का पोचत नाही हे शोधायचं. आधी फुकटातलं बघू, मग थोड्या पैशांचं, मग टिन, आणि सगळ्यात शेवटी ओटीजीची, म्हणजे ओव्हन-टोस्टर-ग्रिलरची, दुरुस्ती.

हे सगळं घरगुती ओटीजी धरून लिहितोय. कन्व्हेक्शन मायक्रोवेव्हवाल्यांसाठी मध्ये वेगळं लिहिलंय. कढईत मीठ घालून बेक करणाऱ्यांचा त्रास नेमका उलटा असतो, खालून करपतं आणि वरून पांढरं, त्यांना यातलं फारसं कामाला येणार नाही.

आधी लक्षण ओळखा

"बिघडलं" एवढं सांगून काही कळत नाही, कारण दिसायला सारखं बिघडलेलं असलं तरी कारणं वेगळी असतात.

वरचा भाग तपकिरी, तळ पांढरा आणि ओला: खालून उष्णता कमी. बाकीची पोस्ट मुख्यतः याच्यावरच आहे.

तळ कच्चा आणि वर टिनमध्ये तूप सुटल्यासारखं चकचकीत: ओव्हन पुरेसा तापायच्या आधीच माल आत गेलाय. बटर साधारण 32 ते 35 अंशांना वितळतं आणि मैद्यातला स्टार्च घट्ट धरायला 60 च्या पुढे जावं लागतं, मधला वेळ जितका लांबेल तितकं बटर पारी सोडून बाहेर येतं.

कडा घसरून खाली आल्या: पारी गरम होती, किंवा लाटल्यावर विश्रांती दिली नाही, किंवा टिनच्या भिंती सरळ उभ्या आणि उंच आहेत.

तळ फुगून मध्ये डोंगर झाला: काट्याने टोचलं नाही, वर वजन ठेवलं नाही. हे सोपं आहे, पुढे येईलच.

तळ काळा आणि सारण मात्र पातळ: काळा टिन आणि तो अगदी तापणाऱ्या रॉडच्या जवळ.

एक बाजू करपली, दुसरी फिकी: एखादा रॉड गेलाय, किंवा टिन एका भिंतीला चिकटून ठेवलाय.

आणि एक लक्षण लोक हमखास चुकीचं वाचतात. बाहेर काढल्यावर तळ खुसखुशीत होता आणि दोन तासांनी गच्च झाला, तर ओव्हनचा काही दोष नाही. गरम पाय टिनमध्येच ठेवून वर ताट झाकलं की वाफ खाली जिरते. जाळीवर ठेवायचं, उघडं, खालून हवा लागेल असं. पावसाळ्यात तर नीट गार झाल्याशिवाय डब्यात भरूच नका.

फुकटातल्या गोष्टी

पहिली, प्रीहीट. दिवा लागला किंवा टिंग वाजलं म्हणजे ओव्हन तापला असं नाही, आतली हवा तापलेली असते, भिंती आणि जाळी अजून कोमटच. पायसाठी 200 अंशांवर किमान 15 मिनिटं, शक्य असेल तर 20. वीजबिलाचा विचार मनात येतो हे मान्य, पण कच्चा पाय परत आत ढकलण्यात त्याहून जास्त वीज जाते.

दुसरी, जाळीची जागा. केकच्या सवयीने सगळे मधला खाच वापरतात. पाय खालच्या खाचेत गेला पाहिजे, पहिली 20 मिनिटं तरी. वरचा भाग नंतर फिका वाटला तर शेवटी वर उचलता येतो, करपलेला वरचा भाग मात्र परत पांढरा होत नाही.

तिसरी, आणि ही मला सगळ्यात आवडते कारण लगेच फरक दिसतो: ओटीजीबरोबर आलेला तो काळा ट्रे. बरेच लोक पायचा टिन थंड ट्रेमध्ये ठेवून दोन्ही एकदम आत सरकवतात, "सांडलं तर ट्रेमध्ये पडेल" म्हणून. मग खालच्या रॉडची सगळी उष्णता आधी तो ट्रे तापवण्यात जाते. ट्रे वापरायचाच तर प्रीहीटच्या सुरुवातीपासूनच आत ठेवा, खालच्या खाचेत, आणि पाय थेट त्या तापलेल्या ट्रेवर ठेवा. पारीच्या तळाला पहिल्या दोन-तीन मिनिटांतच चटका बसतो आणि बटर पळून जायच्या आत स्टार्च धरतो. ट्रेऐवजी लोखंडी तवा मावत असेल तर अजून छान, फक्त लाकडी किंवा प्लास्टिकची मूठ नको. काचेचं भांडं मात्र असं तापलेल्या ट्रेवर कधीच ठेवायचं नाही, त्याचं खाली सांगतो.

चौथी, फॉइल. आमच्या सोसायटीतल्या एका काकूंचा ओटीजी "खालून तापतच नाही" म्हणून बघायला गेलो होतो. दार उघडलं तर जाळीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत फॉइल, कडा व्यवस्थित दुमडून वगैरे. म्हटलं, "काकू, ही फॉइल काढा आधी." तर म्हणाल्या, "अरे पण सफरचंदाचा रस पडतो ना खाली, घासत कोण बसणार!" चकचकीत फॉइल रॉडची उष्णता परत खाली फेकते आणि वर जाणारी गरम हवाही अडवते, म्हणजे खाली भट्टी आणि पायच्या तळाशी थंडावा. फॉइल काढली, त्याच टिनमध्ये त्याच रेसिपीने परत केलं आणि तळ खरपूस झाला. रस पडायची भीती असेल तर टिनपेक्षा थोडाच मोठा फॉइलचा तुकडा ठेवा, सगळी जाळी झाकू नका. टिनच्या चारी बाजूंनी बोटभर तरी मोकळी जागा हवी, नाहीतर टिन स्वतःच झाकण बनतो.

आणि हो, मोड. खालचा-वरचा असे दोन्ही रॉड असलेल्या चिन्हावर बटण आहे ना ते बघा. टोस्ट किंवा ग्रिल करून झाल्यावर ते फक्त वरच्या रॉडवर राहून गेलेलं असतं, आणि हे इतक्या घरांत बघितलंय की आता मी फोनवर पहिला प्रश्न हाच विचारतो.

सारण आणि पारी

स्ट्रॉबेरीत 90 टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, सफरचंदात 85 च्या वर, आंबाही फार मागे नाही. जोपर्यंत तळाशी पाणी आहे तोपर्यंत तिथलं तापमान 100 च्या वर जात नाही, आणि पारीला रंग यायला त्याच्या बरंच वर जावं लागतं. म्हणजे ओलं सारण असेल तर तुम्ही पारी बेक करत नाही, उकडताय.

सफरचंदाच्या फोडींना साखर लावून अर्धा तास ठेवा, सुटलेला रस गाळून पातेल्यात आटवा, दाट झाला की परत फोडींत घाला. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीचा सीझन चालू असताना लोक सरळ चिरून पारीत भरतात, त्यापेक्षा टार्टची पारी पूर्ण भाजून गार करून वर फळं कच्चीच मांडलेली कधीही चांगली. मश्रूम, पालक, टोमॅटो असेल तर आधी परतून पाणी आटवायचं आणि पूर्ण गार करायचं. गरम सारण थंड पारीत ओतलंत तर ओव्हनमध्ये जायच्या आधीच खालचं बटर वितळलेलं असतं.

तळाशी एक पातळ थर टाकला तर रस आवरतो: कोरडा भाजलेला रवा, टोस्टचा चुरा, कुस्करलेली खारी, काहीही. चमचा-दोन चमचे पुरेत.

ओल्या सारणासाठी ब्लाइंड बेक, म्हणजे सारण भरायच्या आधी नुसती पारी भाजून घेणं, टाळू नका. पारी साधारण 3 मिमी जाड लाटा, टिनमध्ये ओढून न ताणता अलगद बसवा, काट्याने टोचा, अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा, वर बटर पेपर आणि त्यावर राजमा किंवा छोले कडेपर्यंत भरून 190 ला 15 मिनिटं. मग वजन काढून अजून 8-10 मिनिटं, तळ कोरडा दिसेपर्यंत. मेणकागद नको, तो वितळतो आणि धूर करतो. तो राजमा नंतर उसळीला चालणार नाही, पण बरणीत ठेवून वर्षानुवर्षं याच कामाला वापरता येतो. अंडं चालत असेल तर वजन काढल्यावर आतून फेटलेल्या अंड्याचा हात फिरवा आणि दोन मिनिटं परत आत, रस अडवणारा थर तयार होतो.

मोहन बोटांनीच चोळायचं, तळव्याने नाही, तळवे गरम असतात. मे महिन्यात मुंबई-पुण्यात दुपारी पारी करायचा हट्ट धरू नका, सकाळी लवकर करा. बास, यावर जास्त नाही लिहीत.

थोडे पैसे टाकून: थर्मामीटर

टिनच्या आधी ओव्हन थर्मामीटर घ्या. घरगुती ओटीजीचं बटण आणि आतलं खरं तापमान यांत 20-30 अंशांचा फरक अगदी नेहमीचा आहे. जाळीच्या मधोमध टांगा, 180 ला लावा, 20 मिनिटांनी बघा आणि नंतरही दोन-तीनदा बघा, कारण थर्मोस्टॅट रॉड बंद-चालू करत राहतो तसं तापमान वर-खाली होतं, एकाच आकड्यावर निकाल लावू नका. 25 कमी दाखवत असेल तर बटण 25 ने पुढे लावायचं, याला काही दुरुस्ती वगैरे लागत नाही.

थर्मामीटर घ्यायचा नसेल तर साखरेची युक्ती आहे. साखर साधारण 186 अंशांना वितळते. फॉइलच्या छोट्या वाटीत चमचाभर साखर घालून पूर्ण तापलेल्या ओव्हनमध्ये 175 ला 15 मिनिटं ठेवा, वितळता कामा नये. मग 190 ला 15 मिनिटं, आता वितळली पाहिजे. 190 ला जशीच्या तशी राहिली तर ओव्हन थंड आहे, 175 लाच पाणी झालं तर जास्त गरम. ढोबळ आहे पण फसवत नाही.

आता टिन

इथपर्यंत सगळं करूनही तळ फिका असेल तर आता टिनचा विषय काढू.

अ‍ॅल्युमिनियम उष्णता स्टेनलेस स्टीलपेक्षा दहा-पंधरापट आणि काचेपेक्षा साधारण दोनशेपट चांगली वाहून नेतं. पायला तळ पटकन तापणारं भांडं हवं, म्हणून माझी पहिली पसंती जरा जाड, मंद रंगाचा, म्हणजे आरशासारखा चकचकीत नसलेला अ‍ॅल्युमिनियमचा टिन, अ‍ॅनोडाइज्ड मिळाला तर उत्तम. चकचकीत पृष्ठभाग रॉडची उष्णता परतवतो, गडद आणि मंद पृष्ठभाग ती ओढून घेतो. म्हणूनच काळा नॉन-स्टिक टिन तळाला रंग लवकर आणतो, तो वापरत असाल तर तापमान 10-15 अंश कमी ठेवा आणि आत सुरीने तुकडे पाडू नका, कोटिंग जातं.

घरात जर्मलची (अ‍ॅल्युमिनियमची) पितळी, म्हणजे खोलगट थाळी असेल, उतरत्या काठाची, इंचभर खोल, तर ती पायचा टिन म्हणून फार छान चालते आणि मी नवीन माणसाला आधी तीच वापरून बघायला सांगतो. उतरत्या काठामुळे पारी घसरत नाही, पातळ असल्यामुळे झटकन तापते. फक्त टोमॅटो, लिंबू असलं आंबट सारण त्यात रात्रभर ठेवू नका, साधं अ‍ॅल्युमिनियम आंबटाने काळपट पडतं आणि धातूची चव येते. केकचा उभ्या भिंतीचा टिन मात्र पायला नको, तीन इंच उंच भिंतीवर पारी टिकत नाही आणि लोक ती भरायची म्हणून दुप्पट सारण घालतात.

स्टीलची थाळी दिसायला तशीच पण उष्णता नीट पसरवत नाही, रॉडच्या वर डाग पडल्यासारखा रंग येतो आणि बाकी पांढरं. अडीनडीला चालेल, तापलेल्या ट्रेवर ठेवून.

काचेचा फायदा एकच, पण मोठा आहे: उचलून खालून बघता येतं तळ झालाय का. काच हळू तापते आणि मग उष्णता धरून ठेवते, त्यामुळे वेळ 10 मिनिटं तरी जास्त धरा. बोरोसिलिकेट काच साध्या सोडा-लाइम काचेच्या साधारण एक तृतीयांश इतकीच प्रसरण पावते, म्हणून तापमानाचा धक्का जास्त सोसते, घेताना डब्यावर काय लिहिलंय ते वाचा. तरीसुद्धा फ्रिजमधून काढून थेट गरम ओव्हनमध्ये, किंवा ओव्हनमधून काढून ओल्या ओट्यावर, असलं काही नको. टवका उडालेलं किंवा बारीक चीर गेलेलं काचेचं भांडं ओव्हनमध्ये घालूच नका.

सिरॅमिकच्या लाटदार कडांच्या डिश सुंदर दिसतात, पारीशिवाय नुसत्या वरच्या झाकणाच्या पायला, म्हणजे चिकन पाय वगैरेला, ठीक आहेत. खाली पारी असेल तर मी टाळतो. सिलिकॉन तर अजिबात नको, उष्णता वाहून नेत नाही आणि उचलताना वाकतो. फॉइलचे पातळ डिस्पोजेबल साचे दोन एकात एक घालून तापलेल्या ट्रेवर ठेवले तर काम देतात.

टार्ट आणि किशसाठी सुटा तळ असलेला टिन घ्याच, काढताना कडा मोडत नाहीत. त्यातून बटर झिरपतं, म्हणून खाली ट्रे हवा, अर्थात तापलेला. पहिल्यांदाच करत असाल तर मोठ्या पायऐवजी छोट्या साच्यांपासून सुरुवात करा, गोव्यात नाताळात एंपादिन्या करतात तसल्या हाताएवढ्या पायांचा तळ सहसा कच्चा राहत नाही, सारण थोडं असतं आणि उष्णता सगळीकडून पोचते.

मापाचं एक. परदेशी रेसिप्या बहुतेक 9 इंची पाय प्लेट धरून असतात, तिच्यात साधारण 950 मिली मावतं. आपल्या 16-19 लिटरच्या ओटीजीत 7 इंची टिनच आरामात बसतो. 7 इंचीचं क्षेत्रफळ 9 इंचीच्या 60 टक्केच भरतं, म्हणजे सारणही 60 टक्केच हवं. सगळं सारण त्यात दाबून भरलं की जाडी वाढते, मधलं शिजेपर्यंत वरचं करपतं, आणि मग तक्रार टिनच्या नावावर. टिन घेताना ओटीजीच्या आतली रुंदी टेपने मोजून जा, लिटरच्या आकड्यावर जाऊ नका.

कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह असेल तर

त्यात बहुतेक वेळा खाली रॉडच नसतो, गरम हवा मागून किंवा वरून येते. त्यामुळे तळ कच्चा राहणं हा बिघाड नाही, रचनाच तशी आहे. ब्लाइंड बेक सक्तीचं समजा, धातूचा पातळ टिन बुटक्या जाळीवर ठेवा, आणि फक्त कन्व्हेक्शन मोड लावा. धातूचा टिन मायक्रोवेव्ह किंवा कॉम्बी (दोन्ही एकत्र चालणाऱ्या) मोडवर चालवू नका.

ओटीजीची तपासणी, आणि कुठे थांबायचं

रात्री स्वयंपाकघरातला दिवा बंद करा, रिकामा थंड ओटीजी दोन्ही रॉडच्या मोडवर, 250 ला, टायमर 5 मिनिटं. दाराच्या काचेतून बघा. दोन-तीन मिनिटांत सगळे रॉड मंद केशरी दिसायला हवेत. खालचा एकही लाल झाला नाही, किंवा दोनपैकी एकच झाला, तर कारण सापडलं, टिन कितीही भारी घेतला तरी उपयोग नाही.

सगळे रॉड लाल होतायत पण संध्याकाळीच पाय बिघडतो, असं असेल तर व्होल्टेजकडे बघा. 230 ऐवजी 200 व्होल्ट मिळत असतील तर रॉडची ताकद जवळजवळ चौथाईने कमी होते. दुपारी करून बघा, फरक कळेल. आणि ओटीजी 16 अँपिअरच्या मोठ्या सॉकेटलाच लावा. 2000 वॅटचा ओटीजी 8-9 अँपिअर ओढतो, छोट्या 6 अँपिअरच्या सॉकेटला किंवा एक्स्टेंशन बोर्डला लावून प्लग गरम होत असेल तर तो आगीचा धोका आहे, पायचं नंतर बघू.

इथपर्यंत घरी. यापुढे हात लावू नका. रॉड लाल होत नाही, चालू केल्यावर एमसीबी (मीटरजवळच्या बोर्डातला आपोआप पडणारा स्विच) पडतो, बॉडीला हात लावला की झिणझिण्या येतात, जळकट वायरचा वास, प्लग किंवा वायर वितळलेली, दाराची काच तडकलेली, किंवा थर्मामीटर बटणापेक्षा 50 अंशांहून जास्त फरक दाखवतोय आणि रॉड बंदच होत नाही: स्विच बंद करा, प्लग काढा, मागचं पत्र्याचं कव्हर स्वतः उघडू नका. झिणझिण्या येत असतील तर स्विच बंद करतानाही ओटीजीला हात नको, सरळ एमसीबी पाडा, आणि आधी घरचं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या, कारण कधीकधी ओटीजी बरा असतो आणि सॉकेटमध्येच अर्थ नसतो.

वॉरंटीत असेल तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरलाच बोलवा, बाहेरच्याने उघडला की वॉरंटी जाऊ शकते. रॉड बदलताना त्याच वॅटचा आणि त्याच लांबीचा आहे ना ते विचारा, जुना रॉड मागून घ्या, आणि माणूस घरात असतानाच वरची दिवा बंद करून बघायची टेस्ट परत करा. थर्मोस्टॅट बदलला असेल तर आधीचा "बटण 25 ने पुढे" हा हिशोब विसरून थर्मामीटरने नव्याने मोजा, नाहीतर पुढचा पाय खालून काळा निघेल.